चित्रं पाहून वाचवलेले डोंगर

सहा भागांची, मिळून सुमारे बारा तासांची एक माहितीपट मालिका आहे. तिच्यात चित्ता हरणामागे धावत नाही की ड्रोन कड्यावरून झेपावत नाही. बराच वेळ पडद्यावर शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचा एखादा काळा-पांढरा फोटो असतो आणि एक शांत आवाज अमेरिकी संसदेतल्या कुठल्याशा विधेयकाबद्दल बोलत असतो. विधेयकाबद्दल! एवढं ऐकून कुणी रिमोट हातात घेईल का? पण घ्याच. एक भाग संपला की दुसरा लावल्यावाचून राहवत नाही, आणि तिसऱ्या भागापर्यंत विधेयक मंजूर होणार की नाही या काळजीनं तुम्ही पुढे सरकून बसलेले असता.

मालिकेचं नाव ‘द नॅशनल पार्क्स : अमेरिकाज बेस्ट आयडिया’. दिग्दर्शक केन बर्न्स, लेखक डेटन डंकन, निवेदक पीटर कोयोट. सप्टेंबर २००९ मध्ये पीबीएस या अमेरिकेच्या सार्वजनिक वाहिनीवर ती पहिल्यांदा आली. विषय अमेरिकेची राष्ट्रीय उद्यानं. डोंगर, दऱ्या, अस्वलं, धबधबे सगळं तिच्यात आहे, आणि ती दृश्यं डोळ्यांचं पारणं फेडणारी आहेत. पण मालिकेचा खरा प्रश्न वेगळाच आहे : हे डोंगर अजून तिथे कसे? कुणी विकले कसे नाहीत, खोदले कसे नाहीत, त्यांच्या माथ्यावर हॉटेल कसं उभं राहिलं नाही? उत्तर शोधू लागलं की अशी माणसं भेटतात, ज्यांच्यापैकी कितीतरी जणांनी ती जागा डोळ्यांनी पाहिलेलीच नव्हती. त्यांनी चित्रं पाहिली होती.

आधी त्या फोटोंचं कोडं सोडवू. स्थिर फोटो माणसाला इतका वेळ धरून कसा ठेवतो? समजा फोटोत एक अजस्र सिकोया वृक्ष आहे. कॅमेरा आपल्याला अख्खं झाड दाखवतच नाही. आधी नुसती साल दिसते, खोल खाचांची. मग तो संथपणे मागे येतो, येतच राहतो, आणि अगदी खाली एका कोपऱ्यात टोपी घातलेला माणूस सापडतो, नखाएवढा. फोटो काढताना एक क्षण लागला होता. आपल्याला तो हळूहळू, क्रमानं उलगडत जातो. काय आधी दिसावं आणि काय लपून राहावं हे दिग्दर्शक ठरवतो. जोडीला टापांचा आवाज, वाहतं पाणी, व्हायोलिनची धून आणि त्या काळच्या माणसांची पत्रं वाचणारे कसलेले नट. टॉम हँक्सचा आवाजही त्यात आहे. फोटो हललेला नसतो, तरी आपण हलतो.

ही युक्ती बर्न्सनं शोधली नाही. क्लोंडाइकच्या सोनेशोधकांवरचा ‘सिटी ऑफ गोल्ड’ हा कॅनडाचा लघुपट १९५७ मध्येच तसा बनला होता. पण बर्न्सनं ती इतक्या प्रेमानं वापरली की ॲपलनं आपल्या आयमूव्ही या प्रणालीत तिला ‘केन बर्न्स इफेक्ट’ असंच नाव देऊन टाकलं. लग्नाच्या फोटोंचा व्हिडिओ करताना नवरा-नवरीच्या चेहऱ्याकडे आपोआप हळूच सरकणारी ती चौकट आठवते ना? तीच ही.

आणि आता गंमत पाहा. ज्या गोष्टीवर ही मालिका उभी आहे, त्याच गोष्टीवर ही उद्यानंही उभी आहेत. फोटोंवर.

१८६१ मध्ये कार्लटन वॉटकिन्स नावाचा सॅन फ्रान्सिस्कोचा छायाचित्रकार कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीच्या दरीत उतरला. त्या काळात लहान निगेटिव्हवरून मोठा फोटो काढणं व्यवहारात जमत नसे. फोटो मोठा हवा तर काचही तेवढीच मोठी हवी. वॉटकिन्सनं १८ बाय २२ इंचांच्या काचा बसतील असा अवाढव्य कॅमेराच बनवून घेतला. हे सगळं बिऱ्हाड खेचरांच्या पाठीवर. शिवाय काचेवर ओतलेलं रसायन ओलं असेपर्यंतच फोटो काढून धुऊनही व्हायला हवा, म्हणून अंधाऱ्या खोलीचं काम करणारा तंबू बरोबर. कड्याच्या टोकाशी उभं राहून मोठ्या काचेवर एकसारखं रसायन पसरवायचं, धूळ बसू द्यायची नाही, आणि मग ती काच न फुटता खेचरावरून परत आणायची. विचार करूनच हात कापतात.

हे फोटो न्यूयॉर्कला पोचले. १८६२ च्या अखेरीस तिथल्या कलादालनात लोकांनी ते पाहिले. सुमारे नऊशे मीटर उंचीचा ग्रॅनाइटचा सरळ कडा, पायथ्याशी आरशासारखी नदी. पूर्वेकडच्या लोकांना तोवर अशा जागेची फक्त वर्णनं माहीत होती, आणि ती ऐकून थापा वाटत. फोटोला थाप कोण म्हणणार?

मग ३० जून १८६४. तारीख लक्षात घ्या. अमेरिकेचं यादवी युद्ध ऐन भरात होतं. त्याच महिन्यात कोल्ड हार्बरच्या लढाईत हजारो सैनिक पडले होते. देश राहतो की फुटतो अशी अवस्था. आणि अशा वेळी अध्यक्ष लिंकन एका कागदावर सही करतात : योसेमिटीची दरी आणि मॅरिपोसाचं सिकोयांचं बन कॅलिफोर्निया राज्याकडे सोपवलं जात आहे, अट एवढीच की ते लोकांच्या आनंदासाठी राहील आणि कधीही, कुणालाही विकता येणार नाही. लिंकन कधी कॅलिफोर्नियात गेले नव्हते. मतं देणाऱ्या बहुतेकांनीही ती दरी पाहिली नव्हती. राजाचं शिकारीचं रान राखलेलं जगानं पाहिलं होतं, देवाच्या नावानं राखलेल्या देवराया आपल्या सह्याद्रीत आजही आहेत. पण सरकारनं कायदा करून, कुणाही ऐऱ्यागैऱ्यासाठी, कायमची राखलेली एवढी मोठी रानभूमी? ही नवलाई होती.

या गोष्टीला एक काळी बाजू आहे, आणि मालिका तिथूनच सुरू होते याबद्दल तिला दाद द्यायला हवी. १८५१ मध्ये या दरीत गोऱ्यांची एक सशस्त्र तुकडी शिरली ती निसर्ग पाहायला नव्हे. तिथे पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या ‘आवानीची’ जमातीच्या लोकांना हुसकायला. त्यांची वस्ती आणि धान्याचे साठे तिनं जाळले. त्याच तुकडीतल्या लफाएत बनेल नावाच्या माणसाचे डोळे ती दरी पाहून पाणावले, आणि पुढे त्यानंच तिचं भारावलेलं वर्णन लिहिलं. एकाच माणसाच्या हातात मशाल आणि डोळ्यांत पाणी! निर्मनुष्य, अस्पर्श वाटणाऱ्या त्या सुंदर फोटोंमधली माणसं फोटोच्या आधी हाकलली गेली होती. जंगल म्हणजे माणसाविना जागा, ही कल्पना तिथून जगभर पसरली. ताडोब्यातून उठवून बाहेर वसवलेल्या गावांना तिची किंमत ठाऊक आहे.

योसेमिटी राज्याकडे गेलं. मग ‘राष्ट्रीय’ उद्यान आलं कुठून? त्याचं उत्तर ऐकून हसू येतं.

आजच्या वायोमिंगच्या वायव्य कोपऱ्यात यलोस्टोन नावाचा प्रदेश आहे. जमिनीतून वाफा निघतात, चिखल उकळतो, पाण्याचे खांब आभाळात उडतात अशा बातम्या तिथून येत. १८७० मध्ये एक टोळी खात्री करून घ्यायला गेली. तिच्यातले ट्रूमन एव्हर्ट्स, वय ५४, दृष्टी अधू, चुकून मागे राहिले. मग सगळं सामान घेऊन घोडाही उधळला. पुढचे ३७ दिवस हे गृहस्थ एकटे त्या प्रदेशात भटकत होते. बर्फ पडायला लागलं तेव्हा गरम झऱ्यांच्या कडेला ऊब घेत झोपले, काटेरी रोपाची मुळं झऱ्यात शिजवून खाल्ली, आणि खिशातल्या छोट्या दुर्बिणीच्या भिंगानं ऊन गोळा करून विस्तव पेटवला. सापडले तेव्हा हाडांचा सापळा उरला होता. वर्षभरानं त्यांनी ही हकीकत ‘स्क्रिब्नर्स’ मासिकात लिहिली, आणि यलोस्टोनचं नाव सर्वतोमुखी झालं.

याच मासिकानं यलोस्टोनवरच्या आधीच्या एका लेखासाठी टॉमस मोरान या चित्रकाराकडून चित्रं करून घेतली होती, आणि त्यानं ती जागा न पाहताच काढली होती. त्याला स्वतःलाच राहवेना. १८७१ मध्ये तो फर्डिनंड हेडन यांच्या सरकारी सर्वेक्षणाबरोबर तिकडे गेला. बरोबर छायाचित्रकार विल्यम हेन्री जॅक्सन. एकाकडे रंग, दुसऱ्याकडे पुरावा. रंगांवर कुणी शंका घेतली तर फोटो दाखवायचा, फोटो फिका वाटला तर रंग. ती चित्रं आणि फोटो वॉशिंग्टनमध्ये खासदारांच्या हाती पडले, आणि १ मार्च १८७२ ला अध्यक्ष ग्रँट यांनी सही केली. नंतर मोरानचं सात फूट उंचीचं चित्र संसदेनं १०,००० डॉलरला विकतही घेतलं.

पण राष्ट्रीय का? कारण वायोमिंग तेव्हा राज्यच नव्हतं. कॅलिफोर्निया राज्य होतं, म्हणून योसेमिटी त्याच्या पदरात टाकता आलं. इथे जमीन सोपवायची कुणाकडे? कुणीच नाही. मग ती केंद्र सरकारकडेच राहिली. जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान राष्ट्रीय झालं ते मुख्यतः या अडचणीतून. विस्तार सुमारे ९,००० चौरस किलोमीटर; गोव्यासारखी दोन राज्यं आत ठेवूनही जागा उरेल.

आता त्या उडणाऱ्या पाण्याकडे या, कारण तिथे थांबल्याशिवाय पुढे जाणं पाप आहे.

यलोस्टोन म्हणजे एका महाज्वालामुखीचं झाकण. सुमारे ६ लाख ४० हजार वर्षांपूर्वी तो शेवटचा महास्फोट होऊन खचला. खाली अजूनही धग आहे. पावसाचं, बर्फाचं पाणी फटींमधून खोल मुरतं आणि तापतं. गरम झरे तर आपल्या वज्रेश्वरीलाही आहेत. मग इथलं पाणी उडी का मारतं? कुकर डोळ्यांसमोर आणा. दाब वाढला की पाणी १०० अंशांनाही उकळत नाही, आणखी तापत राहतं. जमिनीतल्या नळीत शिट्टीचं काम वरचं पाणी करतं. त्याच्या वजनाखाली दबलेलं तळाचं पाणी उकळबिंदूच्या कितीतरी वर जातं, पण उकळत नाही. त्यात नळी मध्ये अरुंद, म्हणजे वरचं-खालचं पाणी सहज मिसळून निवतही नाही. शेवटी काही बुडबुडे वर ढकलले जातात, थोडं पाणी तोंडातून सांडतं. बस, तेवढंच पुरे! वजन किंचित कमी झालं, दाब उतरला, आणि खालचं सगळं अतितप्त पाणी क्षणात वाफ व्हायला निघालं. वाफेला पाण्याच्या शेकडो पट जागा लागते. आणि मग ‘ओल्ड फेथफुल’ हा गीझर हजारो लिटर पाणी ३० ते ५५ मीटर उंच भिरकावतो. पुन्हा नळी भरते, पुन्हा तापते. साधारण दीड तासानं पुन्हा तेच.

पण एवढ्या दाबानं नळीच का फुटत नाही? कारण ती स्वतःलाच आतून लिंपून घेते. इथल्या खडकात सिलिका भरपूर. गरम पाणी ती विरघळवून आणतं आणि वाटेत भिंतींवर तिचा टणक, पाणी न झिरपणारा थर देत जातं. ऊब, पाणी, अरुंद नळी आणि हे अस्तर, चारही एकत्र फार क्वचित जमतं. म्हणूनच जगातले निम्म्याहून अधिक गीझर या एकाच उद्यानात आहेत.

त्याच झऱ्यांच्या काठांवर पिवळे, नारिंगी, तपकिरी पट्टे दिसतात. मोराननं ते रंगवले आणि लोकांना वाटलं, चित्रकार आहे, वाढवून सांगणारच. ते रंग बरेचसे जिवंत आहेत. कढत पाण्यात राहणाऱ्या सूक्ष्मजीवांची ती साय. १९६६ मध्ये टॉमस ब्रॉक हे शास्त्रज्ञ इथल्या एका झऱ्यातून एक जिवाणू घेऊन गेले, त्याचं नाव पुढे थर्मस ॲक्वाटिकस पडलं. सत्तर अंशांच्या पाण्यात हा सुखानं नांदत होता. शोध गमतीचा, उपयोग काय, कुणालाच कळेना.

मग १९८३ मध्ये कॅरी म्युलिस यांना डीएनएच्या नकला काढायची युक्ती सुचली. डीएनए ९४-९५ अंशांना तापवायचा, की त्याचे दोन धागे सुटे होतात, निववायचा, प्रत्येक धाग्यावर एका विकराकडून जोडीदार धागा विणून घ्यायचा. एकाचे दोन, दोनाचे चार. तीस फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींच्या वर. अडचण एकच : दर फेरीला तापवलं की तो विकर मरायचा आणि नव्यानं घालावा लागायचा. ९५ अंशांनाही न मरणारा विकर कुठे मिळेल? यलोस्टोनच्या त्या जिवाणूत. ही पीसीआर पद्धत. म्युलिस यांना १९९३ चं नोबेल मिळालं. कोविडच्या दिवसांत नाकात काडी घालून घेतलेला नमुना ज्या चाचणीला गेला, ती आरटी-पीसीआर याच घराण्यातली. १८७२ मध्ये सही करणाऱ्यांना जिवाणू ठाऊक नव्हता, डीएनएची रचनाही नाही. ते राखायला निघाले होते कारंजी, आणि राखली गेली ही साय.

जागा राखली म्हणून मात्र रखवाली होत नाही. उद्यान झालं आणि संसद विसरून गेली. पहिले अधीक्षक नॅथॅनिएल लँगफर्ड, पगार शून्य. प्रवासी गीझरच्या तोंडाचे शोभिवंत तुकडे कुऱ्हाडीनं तोडून नेत, त्यात कपडे धुवायला टाकत, शिकारी मोकाट. १८८६ मध्ये शेवटी घोडदळ आणून बसवावं लागलं, आणि ते ३२ वर्षं राहिलं! तरी शिकाऱ्याला शिक्षा करणारा कायदाच नव्हता. सामान काढून घ्यायचं आणि हद्दीबाहेर सोडून यायचं, इतकंच.

मार्च १८९४ मध्ये एड हॉवेल नावाच्या शिकाऱ्याला बायसनचे मुडदे सोलताना रंगेहाथ पकडलं. हॉवेल बिनधास्त होता. काय करणार हे लोक? त्याचं नशीब फुटकं एवढ्यासाठी की ऐन त्याच वेळी ‘फॉरेस्ट अँड स्ट्रीम’ साप्ताहिकाचा वार्ताहर एमर्सन हफ आणि छायाचित्रकार एफ. जे हेन्स हे दोघं त्या बर्फात येऊन ठेपले होते. बातमी आणि मेलेल्या बायसनचे फोटो पूर्वेकडे पोचले. दोनच महिन्यांत, ७ मे १८९४ ला, अध्यक्ष क्लीव्हलंड यांनी उद्यानातल्या शिकारीला कैद ठरवणारा कायदा केला. पुन्हा फोटो! तरीही उशीरच झाला होता. एके काळी कोट्यवधी असलेल्या बायसनांपैकी यलोस्टोनमध्ये जेमतेम दोन डझन उरले. खासगी कळपांतले काही आणून त्यांत सोडले. आज तिथे हजारो आहेत.

मालिकेत एक माणूस दिसला की मी कान टवकारतो : शेल्टन जॉन्सन, योसेमिटीतला कृष्णवर्णीय रेंजर, वाढला डेट्रॉइटच्या कारखान्यांच्या शहरात. तो आठवण करून देतो की उद्यानांचे पहिले रखवालदार जे घोडेस्वार, त्यांत काळे सैनिकही होते. १९०३ मध्ये कॅप्टन चार्ल्स यंग, गुलामगिरीत जन्मलेला माणूस, सिकोया उद्यानाचा प्रमुख होता, आणि त्याच्या पलटणीनं एका उन्हाळ्यात राक्षसी वृक्षांपर्यंत गाडीरस्ता नेला. दक्षिणेत त्या काळी काळ्या माणसाला झाडाला टांगत होते. इथे तो गोऱ्या धनगरांना ‘मेंढ्या बाहेर काढा’ असं दरडावू शकत होता. जॉन्सन हे सांगतो तेव्हा पडद्यावर एक जुना फोटो असतो, घोड्यावर बसलेले काळे सैनिक, थेट कॅमेऱ्यात बघणारे. तो फोटो कितीही वेळ ठेवा, चालेल.

सगळ्या मालिकेबद्दल असं म्हणवत नाही, हेही सांगून टाकतो. तिसऱ्या-चौथ्या भागात तेच ते सूर्योदय येतात, आणि बोलणारी मंडळी इतकी सद्गदित होतात की कुणीतरी शिंकावं असं वाटतं. जॉन म्यूर या दाढीवाल्या निसर्गवेड्याला तर जवळजवळ संतपदच बहाल केलं आहे. माणूस थोर होता यात शंका नाही. योसेमिटीची दरी बर्फाच्या नद्यांनी कोरली हे त्यानं ओळखलं, तेव्हा मोठे भूशास्त्रज्ञ त्याला मेंढपाळ म्हणून हिणवत होते. १९०३ मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट सगळा लवाजमा टाळून त्याच्याबरोबर तीन रात्री उघड्यावर झोपले, एका सकाळी अंगावरचं बर्फ झटकत उठले, आणि त्यांच्या आनंदाला पारावार नव्हता. पण पुढे राष्ट्रीय झालेल्या त्याच योसेमिटी उद्यानातली हेच हेची ही दरी म्यूर वाचवू शकला नाही. सॅन फ्रान्सिस्कोला पाणी हवं होतं. १९१३ मध्ये संसदेनं धरणाला परवानगी दिली, पुढच्याच वर्षी तो गेला. आज दरी पाण्याखाली आहे. राष्ट्रीय उद्यान हा शिक्का लागला म्हणजे झालं, असं नाही.

या पराभवानंतर लोकांच्या लक्षात आलं की उद्यानांना एक खातं हवं, एक मालक हवा. ते काम अंगावर घेतलं स्टीफन मेदर यांनी. धुण्याच्या कामाला येणारी बोरॅक्स पावडर विकून लक्षाधीश झालेला, जाहिरातीत मुरलेला माणूस. त्यांचं तत्त्व साधं : खासदाराला अहवाल वाचायला देऊ नका, डोंगरावर न्या. जुलै १९१५ मध्ये त्यांनी बड्या मंडळींना सिएरा नेवाडात दोन आठवडे फिरवलं. ‘नॅशनल जिओग्राफिक’चे संपादक, रेल्वे कंपनीचा उपाध्यक्ष, खजिन्याच्या किल्ल्यांवर वजन असणारा एक खासदार, आणि बायसनची बातमी देणारे तेच एमर्सन हफ.

या मोहिमेचा नायक माझ्या मते वेगळाच. टाय सिंग, सर्वेक्षण खात्याचा चिनी आचारी. हा गृहस्थ खेचराच्या पाठीवर स्वयंपाकघर घेऊन तीन-साडेतीन हजार मीटर उंचीवर पांढरं कापड अंथरलेल्या टेबलावर ताजे पाव, मासे आणि ‘पाय’ हा गोड पदार्थ वाढायचा. ताजे पाव, कड्यावर? सकाळी पीठ मळून तो ते खेचराच्या अंगाला लागेल असं बांधायचा; दिवसभर जनावराच्या उबेनं पीठ फुगायचं आणि मुक्कामाला पोचेपर्यंत भाजायला तयार. मांस ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळायचा. पाणी उडून जाताना आतली उष्णता घेऊन जायचं, मांस टिकायचं. ज्या देशात चिनी मजुरांना प्रवेशबंदीचा कायदा लागू होता, त्या देशाचे कारभारी एका चिनी माणसाच्या हातचं जेवून खूश होऊन परतले. वर्षभरानं, २५ ऑगस्ट १९१६ ला, राष्ट्रीय उद्यान सेवा स्थापन झाली. पोटातून मनात जाण्याचा रस्ता इतक्या उंचीवर क्वचितच कुणी काढला असेल. योसेमिटीतल्या एका शिखराला सिंगचं नाव आहे.

पश्चिमेतली जमीन सरकारचीच होती, कायदा केला की झालं. पूर्वेतल्या ग्रेट स्मोकी डोंगरांत मात्र इंच न् इंच खासगी, लाकूड कंपन्यांच्या करवती चालू. तिथे पुन्हा एक छायाचित्रकार उभा राहिला : जॉर्ज मासा, जपानहून आलेला, ॲशव्हिल शहराच्या हॉटेलात पडेल ते काम केलेला. सायकलचं चाक ढकलत त्यानं डोंगरवाटा मोजल्या, नकाशे केले, आणि ढग नेमके हवे तसे येईपर्यंत तासन् तास ताटकळत फोटो काढले. लेखक होरेस केपहार्टच्या लेखणीला ते फोटो जोडले गेले. शाळकरी मुलांनी पैसा पैसा गोळा केला, धाकट्या जॉन डी. रॉकफेलरनं ५० लाख डॉलर दिले, हजारो तुकडे जोडून जमीन विकत घेतली गेली. मासा १९३३ मध्ये कफल्लक अवस्थेत गेला. उद्यान १९३४ मध्ये झालं. आज अमेरिकेत सर्वांत जास्त गर्दी याच उद्यानात असते, वर्षाला सव्वा कोटीच्या आसपास.

शेवटच्या भागात फ्लोरिडाच्या समुद्रातली एक गोष्ट येते. बिस्केन उपसागरातल्या छोट्या बेटांवर इस्राएल जोन्स हा काळा शेतकरी लिंबू आणि अननस पिकवायचा. त्यानं दोन्ही मुलांची नावं हौसेनं ठेवली, किंग आर्थर आणि सर लॅन्सलॉट. लॅन्सलॉट पुढे मासेमारीचा असा वाटाड्या झाला की अमेरिकेचे अध्यक्षही त्याच्याबरोबर गळ टाकायला येत. १९६० च्या दशकात बिल्डरांनी बेटांवर ‘आयलंडिया’ शहर वसवायचं ठरवलं, पलीकडच्या किनाऱ्यावर तेलशुद्धीकरण कारखान्याचा बेत. जमिनीला सोन्याचा भाव. लॅन्सलॉट म्हणाला, नको. बेट जसं आहे तसं बरं आहे. पुढे त्यानं जमीन विकली ती उद्यान सेवेला, आणि मरेपर्यंत तिथेच राहायचा हक्क राखून.

१९६८ मध्ये बेटं संरक्षित होणार हे दिसू लागल्यावर चिडलेल्या जमीनमालकांनी त्यांतल्या इलियट बेटावर बुलडोझर घातले. सहा पदरी रस्त्याएवढा रुंद, सात मैल लांब पट्टा झाडोरा उखडून मोकळा केला, म्हणजे राखण्यासारखं काही उरायलाच नको. लोकांनी त्याला नाव दिलं ‘स्पाइट हायवे’, डूख धरून काढलेला रस्ता. कायदा तरीही झाला. त्या रस्त्यावर वाहतूक कधी सुरूच झाली नाही. उष्ण दमट हवेत दोन्ही बाजूंनी जंगल परत आलं, आणि बेटावर उतरणारे पर्यटक आज त्याच पट्ट्यावरून सावलीत पायी फिरतात.